विश्लेषण : सायकलवाले रस्त्याचे पैसे भरतात का? लासूर स्टेशनच्या साइडपट्टीवरून मांडलेला हिशेब

कांद्याचा हंगाम सुरू झाला की लासूर स्टेशनच्या बाजार समितीबाहेर पिकअप, ट्रॅक्टर आणि मालट्रकांची रांग लागते. त्या रांगेच्या कडेकडेने सायकली चाललेल्या असतात. शाळेच्या मुली, हमालीला निघालेले कामगार, कॅरिअरला डबा बांधलेला एखादा म्हातारा माणूस. मागून हॉर्न वाजला की सायकल डांबरावरून खाली मुरमात उतरते. गाडी पुढे गेली की पुन्हा वर चढायचा प्रयत्न करते.

आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, ‘‘रोड टॅक्स आम्ही भरतो, पेट्रोलवर टॅक्स आम्ही भरतो. हे फुकटात फिरतात अन् मधेमधे येतात.’’

यावर लोक हसतात किंवा मान डोलावतात. पण हे वाक्य हसून सोडून देण्यासारखं नाही. रस्त्याचा खर्च कुणी उचलायचा, हा सरळ पैशांचा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेब मांडता येतो. मांडल्यावर मात्र उत्तर टपरीवरच्या उत्तरापेक्षा बरंच वेगळं येतं.

सायकलवर कर लावता येतो का?

येतो. अनेकांना हे माहीत नसतं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली ५७ वी नोंद वाहनांवरच्या कराची आहे आणि तिथे वाहन यंत्रावर चालणारं असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. म्हणजे सायकल आली, बैलगाडीही आली.

त्याहून जवळचं उदाहरण ग्रामपंचायतीचं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ मध्ये पंचायतीने लावायच्या करांची यादी आहे. घरपट्टी, जत्रेवरचा कर, दिवाबत्ती यांच्या पंक्तीत ‘सायकली व जनावरांनी ओढली जाणारी वाहने’ यांवरचा करही बसवलेला आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना ही यादी पाठ असते. गावात हा कर भरणारं मात्र मला अजून कुणी भेटलेलं नाही.

जुन्या पिढीला शहरातला सायकलचा बिल्ला आठवत असेल. नगरपालिकेत वर्षाचे पैसे भरायचे, नंबर ठोकलेला छोटा पत्रा घ्यायचा आणि सायकलला अडकवायचा. बिल्ला नसेल तर सायकल जप्त व्हायची भीती. पुढे हे प्रकरण बहुतेक ठिकाणी आपोआप मागे पडलं. कारण उघड आहे. पावती छापायची, माणूस नेमायचा, सायकली अडवायच्या आणि हातात येणार काही रुपये.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने हा प्रयोग अलीकडे पुन्हा करून पाहिला आहे. १ जानेवारी २०१८ पासून तिथे २०० डॉलर किंवा त्याहून महागड्या नव्या सायकलवर १५ डॉलरचा कर आहे. तो वर्षाला भरायचा नाही, खरेदीच्या वेळी एकदाच. आणि ते पैसे सायकल-पादचारी मार्गांसाठी वापरायचे असं ठरलेलं आहे. आपल्याकडे सायकलवर जीएसटी आहेच. तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. म्हणजे खरेदीच्या वेळी सायकलवालाही सरकारच्या तिजोरीत टाकतोच, फक्त त्या पैशावर ‘रस्ता’ असं लिहिलेलं नसतं.

मग ‘रोड टॅक्स’वर तरी तसं लिहिलेलं असतं का?

नाही, आणि टपरीवरच्या वादात सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

नवी मोटारसायकल घेताना आपण जो एकरकमी कर भरतो तो १९५८ च्या महाराष्ट्र मोटार वाहन कर कायद्याखाली. तो राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून शिक्षकांचे पगार होतात, दवाखाने चालतात, रस्तेही होतात. आपल्या गाडीचे पैसे आपल्या रस्त्याला, अशी कुठलीही थेट नळी नाही.

रस्त्यासाठी म्हणून वेगळा काढलेला पैसा एकच मोठा आहे : पेट्रोल-डिझेलवरचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर. २०१८ च्या अर्थसंकल्पात तो या नावाने आला. मे २०२२ च्या कपातीनंतर तो पेट्रोलवर लीटरमागे ५ रुपये आणि डिझेलवर २ रुपये राहिला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर या निधीतून रेल्वे, जलमार्ग यांसारख्या इतर कामांनाही पैसे देता येतात. तरी वादापुरता तो सगळा रस्त्याचाच धरू.

देशात २०२३-२४ मध्ये सुमारे ३.७ कोटी टन पेट्रोल आणि ९ कोटी टनांच्या आसपास डिझेल खपलं. टनांचे लीटर केले तर पेट्रोल अंदाजे ५,००० कोटी लीटर आणि डिझेल १०,७०० कोटी लीटर. उपकर होतो ४६-४७ हजार कोटी रुपये. त्याच सुमारास एकट्या केंद्रीय रस्ते मंत्रालयाची वर्षाची तरतूद पावणेतीन लाख कोटींच्या घरात होती. म्हणजे रस्त्याच्या नावाने घेतलेला उपकर त्या खर्चाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा. राज्याचे, जिल्हा परिषदेचे आणि गावातले रस्ते यात आलेलेच नाहीत.

इथे गाडीवाल्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. पेट्रोलवर उपकराशिवाय बाकीचं उत्पादन शुल्क आहे. ते सगळं मिळून त्या वर्षी लीटरला १९.९० रुपये होतं (एप्रिल २०२५ मध्ये २ रुपयांनी आणखी वाढलं). डिझेलवर १५.८० रुपये. या दोन्हींचा गुणाकार केला तर तोही पावणेतीन लाख कोटींच्या आसपास जातो. वर राज्याचा व्हॅट : आपल्या जिल्ह्यात पेट्रोलवर २५ टक्के आणि लीटरमागे ५ रुपये १२ पैसे. ‘आम्ही रस्त्यापेक्षा जास्तच भरतो’ असं कुणी म्हणालं तर आकडे त्याला खोटं पाडत नाहीत.

पण मग एक नियम दोघांनाही लावावा लागेल. पेट्रोलवरचा सगळा कर रस्त्याचा धरायचा असेल, तर तो सरकारच्या बाकी खर्चाला उपयोगी पडत नाही असं मानावं लागेल. सैन्य, शाळा, रेशन हे सगळं मग कुणाच्या करातून? साबण, चहा, चप्पल, मोबाइल रिचार्ज यांवरच्या जीएसटीतून. आणि तो सायकलवालाही भरतो. एका खिशातला कर सगळा रस्त्याचा आणि दुसऱ्याच्या खिशातला कशाचाच नाही, हा हिशेब जमत नाही.

जाता जाता आणखी एक. इलेक्ट्रिक गाडीला महाराष्ट्रात मोटार वाहन करात माफी आहे, पेट्रोलचा प्रश्नच नाही आणि समृद्धी महामार्गावर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक चारचाकीला टोलही माफ. धोरण म्हणून त्यात चूक काही नाही. पण पंधरा-वीस लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीकडे बोट दाखवून ‘हा रस्त्याचं काय भरतो?’ असं विचारलेलं मी टपरीवर ऐकलं नाही. विचारतात ते सायकलवाल्यालाच.

सायकल चालते तो रस्ता कुणाच्या पैशातून होतो?

सायकलवाला समृद्धीवर जात नाही. ७०१ किलोमीटरचा, सुमारे ५५ हजार कोटींचा हा महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर सायकलला, मोटारसायकलला आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. त्याच्या पोटातल्या बोगद्यांतून आपण फक्त इकडून तिकडे जातो.

सायकल धावते ती गावातल्या सिमेंट रस्त्यावर, वस्तीच्या रस्त्यावर आणि बाजारापर्यंतच्या मुख्य रस्त्याच्या कडेला. गावातला रस्ता घरपट्टी आणि वित्त आयोगाच्या निधीतून होतो. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. त्यावर २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा पैसा येतो, आता केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. यातला मोठा भाग सर्वसाधारण करांचा आहे. दारात गाडी असलेला घरपट्टी भरतो तशी सायकल असलेलाही भरतो.

मराठवाड्यात तर याला आणखी एक इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात इथल्या लाखो बाया-माणसांनी खडी फोडली, माती वाहिली. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन रस्ते झाले. त्यातून रोजगार हमी आली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मजुरीचा पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशात मराठवाड्यातला कच्चा रस्ता झाला. त्या नोकरदाराकडे गाडी होती का, खडी फोडणाऱ्या बाईकडे सायकल तरी होती का, हे कुणी विचारलं नाही. रस्ता सगळ्यांचा म्हणूनच केला गेला.

रस्ता खराब कोण करतं?

इंजिनिअरिंगच्या हायवे विषयात एक नियम शिकवतात, तो मला त्या पेपरातला एकमेव कायम लक्षात राहिलेला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक अक्षरशः फिरवत ठेवून चाचणी झाली. निष्कर्ष असा, की रस्त्याचं नुकसान ॲक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान दुप्पट नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळापट.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेस रस्त्याची जाडी ठरवताना ८.१६ टनांचा ‘प्रमाण ॲक्सल’ धरते. आता सायकल घेऊ. माणूस, सायकल आणि डबा मिळून ९० किलो, प्रत्येक चाकावर ४५. प्रमाण ॲक्सल त्याच्या १८१ पट जड. चौथा घात काढला तर येतात १०७ कोटी. सायकलला दोन चाकं, म्हणून प्रमाण ॲक्सल एकदा गेल्यावर होणारं नुकसान करायला सायकलला ५३ कोटींहून अधिक फेऱ्या माराव्या लागतील. रोज एक लाख सायकली त्या रस्त्यावरून गेल्या तरी साडेचौदा वर्षं लागतील.

मोटारसायकल, माणसासकट २०० किलो धरली, तर २.२ कोटी फेऱ्या. मध्यम कार, १,२०० किलो धरली, तर सुमारे १७ हजार.

आता दोन ॲक्सलचा मालट्रक. २०१८ मध्ये केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली. मागच्या चार टायरच्या ॲक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन चालतात. कायद्यात बसणारा हा एक ॲक्सल एका फेरीत जवळपास चार प्रमाण ॲक्सलइतकं नुकसान करतो, म्हणजे सुमारे ६७ हजार कारएवढं. त्यावर २५ टक्के जादा माल भरला की नुकसान २५ टक्क्यांनी वाढत नाही, जवळजवळ अडीचपट होतं. गोदाकाठची वाळू रात्री वाहणारे हायवा ज्यांनी पाहिलेत त्यांना २५ टक्के हा आकडा सोज्वळच वाटेल.

या गणिताला मर्यादा आहेत. चाचणी ट्रकांवर झाली. ती सायकलपर्यंत ताणली की आकडे कागदीच होतात. आणि आपल्याकडे रस्ता फक्त चाकांनी खराब होत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कडेची नाली तुंबली की पाणी डांबराखाली शिरतं. तो खर्च कुठल्याच गाडीच्या नावावर टाकता येत नाही, तो सगळ्यांनी मिळून भरायचा. पण सायकलवाल्यावर ‘दुरुस्तीचा वाटा’ काढायला बसलात तर पैशातला पैसाही निघणार नाही, एवढं यातून नक्की कळतं.

पण सायकल जागा तर खाते ना?

हा मुद्दा खरा आहे, आणि सायकलच्या बाजूने बोलणारे तो बहुतेक वेळा टाळतात. ग्रामीण रस्त्यांची क्षमता मोजताना इंडियन रोड्स काँग्रेस प्रत्येक वाहनाला कारच्या तुलनेत वजन देते. कार १, मोटारसायकल अर्धा, ट्रक किंवा बस ३, बैलगाडी ६ ते ८. आणि सायकल? तीही अर्धा. म्हणजे जागेच्या हिशेबात इंजिनिअर सायकलला मोटारसायकलइतकीच धरतात. ती हळू चालते, मागच्याला थांबवते. डांबराची झीज नाही, पण मागच्याचा वेळ खाते.

म्हणून टपरीवरच्या त्या माणसाची चीड खोटी नाही. त्याने कारण मात्र चुकीचं शोधलं आहे. त्याला त्रास होतो तो सायकलवाल्याने कर न भरल्याचा नाही. सायकलला चालायला दुसरी जागाच नाही, याचा आहे.

ती जागा कागदावर असते. तिला साइडपट्टी म्हणतात. डांबराच्या दोन्ही कडांना मुरूम टाकून, दाबून, रस्त्याच्या पातळीला आणलेली पट्टी. अंदाजपत्रकात ती असते, बिलातही असते. प्रत्यक्षात डांबराचे थरावर थर चढत जातात आणि कडेचा मुरूम खालीच राहतो. काही ठिकाणी ही पायरी विटेएवढी खोल होते. सायकलचं अरुंद चाक त्या कडेवरून घसरलं की माणूस पडतो, आणि पडतो तो रस्त्याच्या बाजूला.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्राचा अहवाल सांगतो. त्यात चार हजारांहून जास्त सायकलवरची होती. रस्त्याची जी किंमत सायकलवाला भरतो, ती या रकान्यात दिसते.

या बाबतीत सरकारचं वागणंही मजेशीर आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले जातात. योजना चांगलीच आहे. सायकलमुळे शाळा न सुटलेल्या मुली गावोगाव आहेत. पण सायकल दिली आणि ती चालवायला रस्त्याची कड दिली नाही, तर मुलीच्या बापाने तिला कांद्याच्या ट्रकांमधून रोज कसं पाठवायचं? मग तो कर्ज काढून स्कूटी घेतो किंवा शाळा बंद करतो.

मग वाटा कुणाकडून घ्यायचा?

माझं मत स्पष्ट आहे. कलम १२४ मधला सायकलचा कर आहे तिथेच, कागदावर राहू द्यावा. ज्याच्याकडे सायकलच आहे त्याच्याकडून वर्षाला दहा-वीस रुपये काढायला ग्रामसेवकाचा वेळ घालवणं हे वसुलीच्या दृष्टीनेही तोट्याचं आहे.

वसुली करायचीच असेल तर काट्यावर करावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा माल भरला तर २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. कायद्यात धार आहे. बाजार समितीत तर प्रत्येक गाडी काट्यावर चढतेच, मालाचं वजन पावतीवर येतंच. त्या पावतीवरचा आकडा आणि गाडीच्या परवान्यावरचा आकडा शेजारी ठेवून पाहायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. यात शेतकऱ्याला ओढायचं कारण नाही. पिकअपमध्ये चार क्विंटल कांदा जास्त आणणारा आणि रोज रात्री टनावारी वाळू पळवणारा एका मापाने मोजू नयेत, हे तो चौथा घातच सांगतो.

आणि खर्चाच्या बाजूला एक छोटी मागणी. वेगळा सायकल ट्रॅक नको. पुण्यात ते झाले आणि त्यांच्यावर गाड्या लागल्या, टपऱ्या बसल्या. लासूर स्टेशनला, वाळूज एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यांना, शाळेच्या आजूबाजूच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये साइडपट्टी तेवढी पक्की करावी, जमलं तर डांबरी. सायकल तिथे गेली की जागेचा तो अर्धा हिस्साही मुख्य रस्त्यावरून कमी होतो. फायदा मागच्या मोटारसायकलवाल्याचा आणि ट्रकवाल्याचाच आहे.

पुढच्या वेळी रस्त्याचं काम निघालं की डांबर किती चकचकीत आहे हे पाहू नका. कडेला मुरूम नुसता ओतून ठेवलाय की रोलर फिरवून डांबराच्या पातळीला आणलाय, ते पाहा. आणि ओतून ठेवला असेल तर फोटो काढून, तारखेसकट, बांधकाम उपविभागाला लेखी द्या आणि पोच घ्या.